चष्म्याच्या दुकानातली कार्डं कॉम्प्युटरवर चढवताना

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या कार्डांचे चार ड्रॉवर होते. वरचे दोन वाचले. खालच्या दोघांतली कार्डं चिखलात भिजून विटेसारखी एकमेकांना चिकटली. ती आम्ही घरी नेली, एकेक सोडवून चटईवर पसरली आणि पंख्याखाली वाळवली. शाईपेनाने लिहिलेलं धुऊन गेलं होतं. बॉलपेनचं बरंचसं वाचता येत होतं. आणि वर्षानुवर्षं कार्डं लिहिणाऱ्या अण्णांनी पेन्सिलीने लिहिलेलं अक्षर न् अक्षर शाबूत होतं.

त्यानंतर कित्येक महिने लोक यायचे आणि सवयीने म्हणायचे, "अण्णा, मागच्या वेळचाच नंबर टाका." ज्यांचं कार्ड गेलं त्यांना आम्हाला तसं सांगावं लागायचं. वीस-वीस वर्षं येणारी माणसं ती. त्यांना "तुमची नोंद नाही" म्हणताना अण्णांचा चेहरा उतरायचा. तेव्हा मी कार्डं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. त्यात ज्या चुका केल्या आणि जे जमलं, ते नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी इथे लिहीत आहे.

दाखला चष्म्याच्या दुकानाचा आहे, कारण ते मला आतून माहीत आहे. शिंप्याची मापवही असो, पंप दुरुस्तीचं रजिस्टर असो, डॉक्टरांचे केसपेपर असोत, पायऱ्या याच राहतील.

आधी फोटो, मग बाकी सगळं

टायपिंगचा विचारही करण्याआधी प्रत्येक कार्डाचा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही बाजूंचा. मागची बाजू कोरी वाटली तरी उलटून बघा, कारण जागा संपली की माणूस मागेच लिहितो.

टेबलावर गडद रंगाचं कापड पसरा, खिडकीजवळ बसा, फ्लॅश बंद ठेवा. चकचकीत बॉलपेनच्या अक्षरावर फ्लॅशचा उजेड पडला की नेमका आकडाच पांढरा होतो. पन्नास कार्डं झाली की फोटो लगेच उघडून बघा. हललेले असतील तर तिथल्या तिथे परत काढा. एका फोटोची फाइल एक एमबीच्या आसपास ठेवली तर वाचायला पुरते. सहा हजार कार्डांच्या दोन्ही बाजूंचे बारा हजार फोटो झाले, तरी सगळे मिळून बारा जीबीच होतात. साध्या पेन ड्राइव्हमध्ये मावतील.

हे काम मेअखेरपर्यंत उरकून घ्या. कोकणात तरी मी हेच सांगेन. टायपिंग पावसाळ्यात निवांत करता येतं, गिऱ्हाईक तेव्हा कमी असतं. पण पाऊस लागला आणि फोटो झालेले नाहीत, अशी वेळ आणू नका. फोटो झाले की निम्मी भीती जाते. उद्या कागद गेला तरी मजकूर हातात राहतो.

कार्डावर न लिहिलेलं कोण वाचणार?

हा टप्पा बहुतेकजण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव यातच आहे.

एक दिवस दुकान बंद ठेवून, किंवा रविवारी दुपारी, ज्याने ही कार्डं वर्षानुवर्षं लिहिली त्याच्या शेजारी बसा. समोर शंभर कार्डं घ्या, वेगवेगळ्या वर्षांची. एकेक उचला आणि विचारत जा.

मी अण्णांना विचारलं, "या कार्डाचा कोपरा दुमडलाय, तो का?"

"उधारी राहिलीय."

"आणि नावाखाली लाल रेघ?"

"साखर आहे त्यांना. नंबर सारखा बदलतो. काच महागाची घेऊ देऊ नये, आधी साखर स्थिर होऊ दे म्हणावं."

"हे 'वा' कशाचं?"

अण्णा थोडे थांबले. "वारले ते. त्यांच्या घरी दिवाळीचं कार्ड जाऊ नये म्हणून लिहून ठेवलंय."

दुमडलेला कोपरा, लाल रेघ आणि एक अक्षर. कार्डावर याचा अर्थ कुठेही लिहिलेला नव्हता, तो अण्णांच्या डोक्यात होता. मी तसाच टाइप करत गेलो असतो तर नावं आणि नंबर कॉम्प्युटरवर आले असते, पण दुकान आलं नसतं. कॉम्प्युटरला दुमडलेला कोपरा दिसत नाही. त्यासाठी 'बाकी रक्कम' असा कॉलम हवा, 'मधुमेह: हो / नाही / माहीत नाही' असा कॉलम हवा, 'हयात' असा कॉलम हवा.

आमच्याकडे अशा अकरा खुणा निघाल्या. एका खुणेचा अर्थ अण्णांनाच आठवेना. ती मी 'टीप'मध्ये 'कार्डावर निळा टिंब' एवढीच लिहून ठेवली. अर्थ कळत नसला तरी खूण फेकून देऊ नका. सहा महिन्यांनी एखादं गिऱ्हाईक समोर आलं की तो अर्थ आपोआप आठवतो.

माणूस एक, भेटी अनेक

आता कोऱ्या कागदावर आराखडा काढा. कॉम्प्युटर अजून उघडायचा नाही.

नवशिक्याची पहिली चूक ही की कार्ड जसं दिसतं तसंच एका ओळीत उतरवायचं: नाव, गाव, फोन, २०१२ चा नंबर, २०१५ चा नंबर, २०१९ चा नंबर. तिसऱ्यांदा आलेल्या माणसाची ओळ लांबच लांब होते, चौथ्यांदा आला की नवा कॉलम लागतो, आणि 'गेल्या वर्षी कोण कोण आलं?' हा साधा प्रश्न विचारायचा तर सगळे कॉलम धुंडाळावे लागतात.

गिऱ्हाईक ही एक गोष्ट आणि त्याची भेट ही दुसरी. म्हणून दोन टेबलं करा. 'गिऱ्हाईक' टेबलात माणसागणिक एकच ओळ. 'भेट' टेबलात तो जितक्या वेळा आला तितक्या ओळी. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे गिऱ्हाईक क्रमांक. माहिती अशी टेबलांत विभागून क्रमांकाने जोडायची ही कल्पना एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० मध्ये मांडली आणि आजही बँकांसह असंख्य ठिकाणी तीच चालते. आपल्या दुकानाला त्यातलं एवढंच पुरतं.

क्रमांक १ पासून सुरू करा आणि चढत जा. त्यात गावाचं आद्याक्षर, वर्ष, असलं काही कोंबू नका. माणूस गाव बदलतो, मुलगी लग्नानंतर नाव बदलते. क्रमांक बदलता कामा नये. फोन नंबरालाही गिऱ्हाईक क्रमांक करू नका. आमच्याकडे खेर्डीच्या एका घरातल्या सातजणांच्या कार्डांवर एकच मोबाईल आहे, आणि तो थोरल्या सुनेचा. म्हणून फोनच्या शेजारी 'फोन कोणाचा' असा छोटा कॉलम ठेवला. 'तुमचा चष्मा तयार आहे' हे सांगायला फोन केला की कोण उचलणार हे कळतं.

आमचं 'गिऱ्हाईक' टेबल असं झालं: क्रमांक, नाव, वडलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव, वाडी, गाव, मुंबईचा पत्ता, फोन, फोन कोणाचा, जन्मवर्ष, जन्मवर्ष अंदाजे आहे का, मधुमेह, हयात, टीप.

वाडी वेगळी लिहिलीच पाहिजे. एका गावात तीन संतोष कदम असतात. त्यातला आपला कुठला हे वाडीवरून ठरतं. मुंबईचा पत्ताही वेगळा ठेवा. आमचं निम्मं गिऱ्हाईक चाकरमानी. शिमग्याला किंवा गणपतीला येतो, नंबर काढून घेतो आणि चष्मा तयार होईपर्यंत परळला पोचलेला असतो.

वय कधीही लिहू नका. कार्डावर 'वय ४२' असतं, पण ते २००८ मधलं. तसंच उतरवलं तर तो माणूस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये जन्मभर बेचाळीसच राहतो. भेटीच्या वर्षातून वय वजा करा, १९६६ लिहा आणि शेजारी 'अंदाजे' अशी खूण करा. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळच्या नंबराची तपासणी सुचवायची असेल तर यादी या एका कॉलमवरून निघते.

'भेट' टेबलात भेट क्रमांक, गिऱ्हाईक क्रमांक, तारीख, नंबर कोणी काढला, मग उजव्या डोळ्याचे स्फेरिकल (मुख्य नंबर), सिलिंड्रिकल (एका दिशेपुरता जादा नंबर), ॲक्सिस (त्या दिशेचा कोन), ॲडिशन (वाचनासाठी वाढीव नंबर) आणि दृष्टी (६/६ सारखा आकडा), तेच डाव्याचे, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर), फ्रेम, काच, किंमत, आगाऊ, बाकी. उजवा आधी, डावा नंतर, हा क्रम कार्डावर असेल तसाच स्क्रीनवर ठेवा. डोळ्यांची अदलाबदल ही या धंद्यातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महागाची चूक आहे.

६/६ ची सहा जून होते तेव्हा

मी सुरुवात एक्सेलमध्ये केली. दृष्टीच्या कॉलममध्ये ६/६ टाइप करून पुढे गेलो आणि मागे वळून बघतो तो तिथे सहा जून. ६/९ ची सहा सप्टेंबर, ६/१२ ची सहा डिसेंबर. सहा मीटरवरून दिसणारी ओळ सांगणारा आकडा कॅलेंडरवर जाऊन बसला. घाबरून मी कॉलम 'टेक्स्ट' केला, तर तारखांच्या जागी पाच आकडी संख्या आल्या. मूळ ६/६ काही मला परत आणता येईना; दोनशे ओळी पुन्हा टाइप केल्या.

यात माझ्या एकट्याचं अडाणीपण नव्हतं. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने काही जनुकांची नावं बदलली आणि २०२० मध्ये त्याचे नियम जाहीर केले, कारण 'मार्च१', 'सेप्ट१' अशा नावांची एक्सेल तारीख करून टाकायचं.

उपाय सोपा आहे, पण पहिली ओळ टाइप करण्याआधी करायचा. दृष्टी, फोन आणि पिनकोड हे कॉलम निवडा, फॉरमॅट 'टेक्स्ट' करा, मगच लिहायला लागा. फोन टेक्स्ट का, तर चिपळूणचा लँडलाइन कोड ०२३५५. तो संख्या म्हणून लिहिला तर पुढचं शून्य गळून २३५५ उरतं. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही तो आकडा टेक्स्ट, हा नियम धरून चाला.

चष्म्याचा नंबर मात्र संख्या म्हणूनच ठेवा, कारण त्यावर तपासण्या लावायच्या आहेत. +१.५० टाइप केलं की एक्सेल अधिक चिन्ह आणि शेवटचं शून्य काढून टाकतं, आणि काउंटरवरच्या माणसाला चिन्हाविना नंबर दिसणं धोक्याचं. त्यासाठी कस्टम फॉरमॅटमध्ये +0.00;-0.00;0.00 एवढं लिहा. आकडा तोच राहतो, चिन्ह डोळ्यांसमोर राहतं.

आता कार्डावरचे नंबर नीट बघा. आमच्याकडे कुणी -१.५० लिहिलंय, कुणी नुसतं -१५०, कुणी दशांशाचा टिंब इतका फिका दिलाय की तो शाईचा डाग वाटतो. एकच रीत ठरवा: टिंबासह दोन घरं, नेहमी. 'प्लेन' किंवा 'पीएल' लिहिलं असेल तिथे ०.०० टाका. पण कार्डावर जागा रिकामी असेल तर कॉम्प्युटरवरही रिकामीच ठेवा. शून्य म्हणजे तपासलं आणि नंबर नाही. रिकामं म्हणजे माहीत नाही. या दोन गोष्टींची गल्लत केली तर एक दिवस ज्याचा डोळा तपासलाच नव्हता त्याला तुम्ही साधी काच बसवाल.

आणखी एक गोष्ट फार कमी दुकानांत लक्षात घेतली जाते. सिलिंडरचा नंबर दोन रीतींनी लिहिता येतो. एक डॉक्टर लिहितात +१.०० / -०.५० × ९०, दुसरे लिहितात +०.५० / +०.५० × १८०. काच एकच. स्फेरिकलमध्ये सिलिंड्रिकल मिळवायचं, सिलिंड्रिकलचं चिन्ह उलटं करायचं, ॲक्सिस नव्वदने फिरवायचा. जुन्या कार्डांत दोन्ही रीती मिसळलेल्या असतील तर 'नंबर वाढला का?' हे बघताना कॉम्प्युटर तुम्हाला नसलेला फरक दाखवेल. पण उतरवतानाच रूपांतर करू नका. कार्डावर आहे तसं लिहा आणि रूपांतर नंतर सूत्राने वेगळ्या कॉलममध्ये करा. टाइप करणाऱ्याने डोकं चालवून बदललेला आकडा मूळ कार्डाशी जुळवता येत नाही.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, चार आकडी वर्षासह लिहा: २००८-०३-१२. कार्डावर १२/३/०८ असतं आणि कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकी असेल तर त्याची तीन डिसेंबर होते, कुणाच्या लक्षातही येत नाही. 'गणपतीत आले' एवढंच लिहिलेली कार्डं निघतील. तारीख रिकामी सोडा, मजकूर टीपेत घ्या. उगाच एक जानेवारी टाकून वेळ मारून नेऊ नका.

नावं मराठीत लिहायची की इंग्रजीत?

मी मराठीच्या बाजूचा आहे. इंग्रजीत 'चव्हाण'ची चार स्पेलिंगं होतात आणि शोधताना चारही करून बघावी लागतात. पण मराठीतही दोन-तीन खाचखळगे आहेत.

टाइप युनिकोडमध्येच करा, म्हणजे अक्षरं साठवायच्या त्या पद्धतीत जी कुठल्याही कॉम्प्युटरवर आणि मोबाईलवर मराठीच दिसते. विंडोजमध्ये किंवा मोबाईलवर मराठी कीबोर्ड निवडला की आपोआप युनिकोडच उमटतं. पूर्वी श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेली एखादी यादी सापडली तर ती तशीच चिकटवू नका. त्या फॉन्टविना ती निरर्थक चिन्हं दिसते आणि शोधाला सापडत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

'ॲ' हे अक्षर एका कळीने येतं आणि 'अ'वर अर्धचंद्र देऊनही येतं. दिसायला दोन्ही एक, कॉम्प्युटरला दोन वेगळी. ऱ्हस्व-दीर्घाचं तेच: सूर्यकांत आणि सुर्यकांत. म्हणून वारंवार येणारी गावं आणि आडनावं हाताने टाइपच करू नका. त्यांची यादी एका वेगळ्या शीटवर करा आणि डेटा व्हॅलिडेशनमधून निवडायची सोय ठेवा. सावर्डे, अलोरे, पोफळी, मार्गताम्हाने यादीतून उचलायचे, म्हणजे 'मार्गताम्हणे' नावाचं दुसरं गाव तयार होत नाही.

आकडे सगळे इंग्रजी अंकांत टाइप करा. इथे लेखात मी देवनागरी वापरतोय, पण फोन अर्धे ९ ने आणि अर्धे त्याच आकड्याच्या इंग्रजी रूपाने सुरू झाले तर शोध अर्धाच लागेल.

काउंटरवर शोधताना मात्र नावाने सुरुवात करू नका. फोनचे शेवटचे चार आकडे विचारा, त्यावर दोन-तीन ओळी येतील, मग नाव बघा.

सॉफ्टवेअर

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात. मी थोडक्यात सांगतो. दोन-तीन हजार गिऱ्हाइकं असतील तर एका फाइलमध्ये दोन शीट, एवढ्याने सुरुवात करा. एक्सेल असेल तर एक्सेल, नसेल तर लिबरऑफिस कॅल्क फुकट आहे. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जागेची चिंता नको. काउंटरवर दोघं-तिघं एकाच वेळी नोंद करणार असतील, किंवा एकाच पडद्यावर वर गिऱ्हाईक आणि खाली त्याच्या सगळ्या भेटी बघायच्या असतील, तर ॲक्सेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम (एकटाच माणूस नोंद करणार असेल तर लिबरऑफिस बेसही) शिका किंवा कुणाकडून फॉर्म करून घ्या. आराखडा आधीच दोन टेबलांचा असल्यामुळे तिथे जाणं सोपं पडतं.

तयार सॉफ्टवेअर विकत घ्यायचं असेल तर विकणाऱ्याला पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझी सगळी माहिती मला सीएसव्ही फाइलमध्ये (कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) बाहेर काढता येईल का? आणि समोर काढून दाखवायला लावा. आम्ही पूर्वी एक घेतलं होतं. वर्षभराने ते बंद पडलं आणि आतली नऊशे नावं आतच राहिली.

सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. मराठीची चिन्हं होऊ शकतात आणि पुढची शून्यं गळतात. डेटा मेनूतून आयात करा, यूटीएफ-८ (युनिकोडचाच प्रकार) निवडा, फोनचा कॉलम टेक्स्ट करा.

टाइप करायला बसताना

आधी पन्नास कार्डं घड्याळ लावून उतरवा. आम्हाला कार्डामागे अडीच मिनिटं लागली. सहा हजार कार्डं म्हणजे २५० तास. रोज तीन तास धरले तर ऐंशीहून जास्त दिवस. हा हिशेब आधी केला नाही तर तिसऱ्या आठवड्यात उत्साह मावळतो आणि काम अर्धवट पडतं.

म्हणून सगळं एकदम चढवू नका. एक तारीख ठरवा, उदाहरणार्थ १ जून. त्या दिवसापासून नवं गिऱ्हाईक थेट कॉम्प्युटरवर. जुनं गिऱ्हाईक दारात आलं की त्याचं कार्ड तेव्हाच चढवा. ते समोर असताना फोन, वाडी, जन्मवर्ष विचारून घेता येतं, जे कार्डावर नसतं. उरलेल्या वेळात गेल्या तीन वर्षांत आलेल्यांची कार्डं घ्या. दहा वर्षांत न फिरकलेल्यांचे फोटो आहेतच. ते आले तर बघू.

दोघांनी बसावं. एकाने कार्ड मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं आणि टाइप केलेलं परत मोठ्याने म्हणायचं. वाचणाऱ्याने चिन्ह गाळायचं नाही: 'दीड' नाही, 'उणे एक पन्नास'. माझी आई वाचायची, मी टाइप करायचो. तिला अण्णांचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं लागतं. अण्णांचा चार आणि नऊ सारखाच दिसतो, हे मला तिच्याकडून कळलं.

चढवलेल्या कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात गिऱ्हाईक क्रमांक पेन्सिलीने लिहा. पेन्सिलीनेच, का ते पुराने शिकवलं आहे. तोच क्रमांक फोटोच्या फाइलला नाव म्हणून द्या. मग कार्ड, फोटो आणि स्क्रीन यांतलं काहीही हातात असलं तरी बाकीची दोन सापडतात, आणि कोपरा कोरा दिसला की कार्ड चढवायचं राहिलंय हेही कळतं.

चुका पकडायच्या कशा

शीट स्वतःहून चूक पकडेल अशा अटी घाला. स्फेरिकल आणि सिलिंड्रिकल पाव-पाव नंबराने चढतात, म्हणून चारने गुणल्यावर पूर्ण संख्या आलीच पाहिजे, १.५५ आलं तर लाल दिसू दे. ॲक्सिस १ ते १८० च्या बाहेर नको. सिलिंड्रिकल आहे आणि ॲक्सिस रिकामा, किंवा उलट, तर अडवा. स्फेरिकल उणे किंवा अधिक वीसच्या पलीकडे गेला तर बहुधा कुणीतरी टिंब विसरलंय.

रकमेसाठी जुनी मुनीमजींची पद्धत वापरा. पन्नास कार्डांचा गठ्ठा केला की 'बाकी' रकमांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर लिहा. टायपिंग झालं की शीटमधल्या त्या पन्नास ओळींची बेरीज बघा. जुळली नाही तर चूक त्या पन्नासांतच आहे, सहा हजारांत शोधावी लागत नाही.

चिन्हाची चूक यातल्या कशानेही सापडत नाही. +२.०० आणि -२.०० दोन्ही अटींत बसतात. त्यासाठी प्रत्येक गठ्ठ्यातली पाच कार्डं कुठलीही उचलून तिसऱ्या माणसाने स्क्रीनशी ताडून बघायची. एक जरी चूक निघाली तर गठ्ठा पूर्ण तपासायचा. आणि वर्षभर तरी जुन्या नोंदीवरून काच मागवताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यावरचा चष्मा मशीनवर ठेवून नंबर ताडून घ्यायचा. हा माणसाच्या डोळ्याचा मामला आहे; यात 'चालतंय' नाही.

एकाच माणसाची दोन कार्डं निघतातच. पुसून टाकू नका. फोन आणि वाडी जुळत असेल तर दोन्हीच्या भेटी एका क्रमांकाखाली आणा आणि दुसऱ्या क्रमांकासमोर 'अमुक क्रमांक बघा' असं लिहा.

कुलूप आणि प्रती

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानापासून लांब. आमची एक प्रत दुकानातल्या कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक क्लाउडवर असते. पेन ड्राइव्ह दर शनिवारी घरी जातो. घर बाजारपेठेच्या बरंच वर आहे, म्हणून चालतं. दुकानातल्याच वरच्या फळीवर ठेवलेला पेन ड्राइव्ह ही लांबची प्रत नव्हे. फाइलच्या नावात तारीख घाला आणि जुनी प्रत लगेच पुसू नका. चूक पंधरा दिवसांनी लक्षात आली तर मागची शाबूत फाइल हवी. महिन्यातून एकदा प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून खरंच उघडते का ते बघा.

फाइलला पासवर्ड लावा. कार्डांचा ड्रॉवर कुणी खिशात घालून नेऊ शकत नव्हतं. फाइल नेऊ शकतं. माणसाचा फोन, पत्ता, त्याला साखर आहे ही गोष्ट, सगळं त्याने विश्वासाने सांगितलेलं असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत आणि त्यातली बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. छोट्या दुकानानेही आत्तापासून सवय लावावी: माहिती कशासाठी घेतोय ते सांगायचं, लागते तेवढीच घ्यायची, ऑफरचे मेसेज पाठवायचे असतील तर आधी विचारायचं, कुणी 'माझी नोंद काढून टाका' म्हटलं तर काढायची. यादी कुणालाही द्यायची नाही, ओळखीच्या मेडिकलवाल्यालाही नाही.

कार्डांचं काय करायचं?

सगळं चढलं म्हणून कार्डं रद्दीत घालू नका. ज्यावर उधारी आहे आणि गिऱ्हाइकाची सही आहे, तो कागद हाच पुरावा. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. तोवर तरी ते कार्ड जपा. जीएसटी नोंदणी असेल तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने बिलं आणि हिशेबाची कागदपत्रं ठेवावीच लागतात. बाकीची कार्डं निदान दोन वर्षं ठेवा, नंतर फाडून टाका. नाव-पत्त्यासकट रद्दीवाल्याकडे जाऊ देऊ नका.

आमची कार्डं आता प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, घरी माळ्यावर आहेत. 'वा' लिहिलेली अण्णांनी वेगळी काढून स्वतःच्या कपाटात ठेवली आहेत. कॉम्प्युटरवर त्यांच्या नावापुढे 'हयात: नाही' आहे, आणि दिवाळीच्या मेसेजची यादी काढताना पहिली चाळणी त्याच कॉलमची लावतो.